रिपोर्ट कसला मागता?

शनिवारी रात्री मोटरसायकलवरून पडलेला मुलगा आपल्या कॅज्युअल्टीत आला तेव्हा त्याची पल्स १३० होती, वरचं बीपी ८४ होतं आणि डाव्या बरगड्यांवर हँडलचा वळ उमटला होता. हे सगळं तुमच्यापैकीच एकाने केसपेपरवर लिहिलंय, वेळेसकट. त्याच्या खालची ओळ अशी : ‘यूएसजी ॲबडोमेन-पेल्व्हिस. रिपोर्ट आल्यावर कळवा.’ मग मामांनी स्ट्रेचर ढकलत त्याला मागच्या इमारतीत नेलं. लिफ्ट बंद, म्हणून रॅम्पवरून नेलं. बरोबर एक इंटर्न होता आणि सलाईनची बाटली उंच धरून चालणारी त्या मुलाची आई होती. पन्नास मिनिटांनी रिपोर्ट आला : पोटात भरपूर रक्त, स्प्लीन फाटलेली.

मुलगा वाचला. काल राउंडला ते सांगताना तुमच्या तोंडावर समाधान होतं, म्हणून आज सगळ्यांना एकत्र बसवलंय. तो वाचला ते त्याच्या वयामुळे. भर रात्री सहा पिशव्या रक्त क्रॉसमॅच करून देणाऱ्या रक्तपेढीतल्या माणसामुळे आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांमुळे. त्या पन्नास मिनिटांचा हिशोब केला तर सर्जरीच्या टीमच्या वाट्याला श्रेय येत नाही. त्याच्या जागी साठीचा माणूस असता तर रॅम्पवरच गेला असता.

त्या वेळात कॅज्युअल्टीतलं सोनोग्राफीचं मशीन कुठे होतं? पहिल्या खाटेपासून चार पावलांवर. चार्ज केलेलं होतं, जेलची बाटली भरलेली होती, वापरायला शिकलेला माणूस ड्यूटीवर होता. का वापरलं नाही, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, ‘मॅडम, ऑफिशियल रिपोर्ट लागेल असं वाटलं.’

अरे, रिपोर्ट कसला मागता? पोटाला मार लागलाय, पेशंट शॉकमध्ये आहे, अशा वेळी प्रश्न एकच असतो : पोटात रक्त आहे की नाही? उत्तर हो किंवा नाही. त्याला लेटरहेड लागत नाही. स्प्लीनला किती सेंटिमीटरची चीर आहे, ती कुठवर गेली आहे, हे पोट उघडल्यावर तुमच्याच डोळ्यांना दिसणार आहे. ते कागदावर वाचायला मिळावं म्हणून तुम्ही रक्त वाहणाऱ्या मुलाला कॅज्युअल्टीबाहेर पाठवलंत. बीपी ८४ असलेला पेशंट कॅज्युअल्टीतून एकाच ठिकाणी जातो, ओटीत. ज्याचं बीपी टिकून आहे त्याला खुशाल सीटीला न्या, सोबत जा, सविस्तर रिपोर्ट मागा. तो हक्क स्थिर पेशंटचा आहे.

तुमच्या आधीच्या पिढ्यांकडे हे मशीन नव्हतं. १९६५ पासून पुढची कित्येक वर्षं सर्जन बेंबीखाली छोटा छेद घ्यायचे, नळी पोटात सरकवायचे, लिटरभर सलाईन सोडायचे आणि परत येणारं पाणी लाल आहे का ते बघायचे. उत्तर खात्रीचं मिळायचं, पण त्यासाठी पोटाला भोक पाडावं लागायचं. जर्मनी आणि जपानमधल्या सर्जननी त्याऐवजी पोटावर प्रोब ठेवायला सुरुवात केली. नव्वदच्या दशकात अमेरिकेत ग्रेस रोझिकी या ट्रॉमा सर्जनने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पद्धत बसवली, तिला ‘फास्ट’ हे नाव रूढ झालं. हा सगळा खटाटोप सर्जननी केला, आणि पेशंटच्या खाटेपाशी केला. आज तुम्ही म्हणता की सोनोग्राफी हे आपल्या खात्याचं काम नाही!

आणखी मागे जा. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी १९५५ साली ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी गाडीत घालून रेनफ्रूच्या बॉयलर कारखान्यात नेल्या. लोखंडातल्या भेगा शोधायचं तिथलं यंत्र त्यांनी त्या गाठींवर लावून पाहिलं, कारण पोटातली घट्ट गाठ आणि पाण्याची गाठ आवाजाच्या लहरींनी वेगळी ओळखता येईल का, हा प्रश्न त्यांना पडला होता. पुढे त्यांच्यापुढे एक बाई आली. जठराचा कॅन्सर, पोटात पाणी, ऑपरेशनचा उपयोग नाही, असं तिचं निदान झालेलं होतं. डोनाल्ड यांनी तिच्या पोटावर यंत्र लावलं. दिसली ती अंडाशयाची प्रचंड गाठ, पाण्याने भरलेली. ती काढली आणि बाई बरी झाली. १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा जो निबंध आला तिथून पोटाची सोनोग्राफी जगाला माहीत झाली. डोनाल्ड स्त्रीरोगतज्ज्ञ होते. पेशंट त्यांचा, प्रश्न त्यांचा आणि यंत्रही त्यांच्याच हातात. ऑपरेशन जो करणार त्याने आधी स्वतः आत बघावं, ही त्या यंत्राची मूळ रीत आहे.

तेव्हा फास्ट कशी करायची ते पुन्हा सांगते, कारण ज्यांनी ‘येते’ म्हणून हात वर केला त्यांचेही हात मी बघितले आहेत. उजवीकडे लिव्हर आणि किडनी यांच्या मधली खाच, मॉरिसन्स पाउच. न्यूकॅसलच्या ज्या रदरफर्ड मॉरिसनचं नाव तिला आहे तोही सर्जनच. तिथे लिव्हरचं खालचं टोक दिसेपर्यंत प्रोब खाली सरकवा. रक्ताची पातळ रेघ बऱ्याचदा त्या टोकाशी पहिल्यांदा दिसते आणि तुम्ही सगळे मधूनच परत फिरता. डावीकडे चूक प्रत्येकाची एकच आहे, प्रोब पुढे राहतो. डावी जागा मागे आहे आणि वर आहे. प्रोब धरलेल्या मुठीची हाडं गादीला टेकली नाहीत तर तुम्ही चुकीच्या ठिकाणी आहात. आणि स्प्लीन-किडनीच्या फटीत काही नाही म्हणून सोडून देऊ नका. डावीकडे रक्त बहुधा आधी स्प्लीनच्या वर, डायफ्रामखाली साचतं. पेल्व्हिस बघायचा तो कॅथेटर घालण्याआधी, कारण भरलेल्या मूत्राशयातूनच त्याच्या मागचं दिसतं. शनिवारच्या पेशंटला आल्या आल्या कॅथेटर घातला होता, म्हणजे ती वाटही आपण आपल्या हाताने बंद केली. चौथी जागा छातीच्या हाडाखाली, हृदयाभोवती रक्त आहे का ते बघायला. चारही जागांना मिळून तीनेक मिनिटं लागतात. तेवढ्यात सिस्टर दुसरी सुई लावतात, रक्ताचं सँपल काढतात. कुणाचंही काम अडत नाही.

ताजं रक्त काळं दिसतं, एवढं पाठ करून चालणार नाही. गोठलेलं रक्त करडं दिसतं, शेजारच्या अवयवासारखंच, आणि नवखा माणूस त्याला लिव्हर समजून पुढे जातो. दोनशे मिलीच्या खाली रक्त असेल तर मॉरिसन्स पाउचमध्ये ते सहसा सापडत नाही. म्हणून निगेटिव्ह फास्ट म्हणजे त्या मिनिटाचं उत्तर. पंधरा मिनिटांनी परत बघा, बीपी घसरलं तर त्याच क्षणी परत बघा. पाठीमागच्या जागेत, किडनीच्या आसपास होणारा रक्तस्राव फास्टमध्ये दिसणार नाही. आतडं फाटलेलं असेल तर सुरुवातीला बऱ्याचदा काहीच दिसत नाही. पोटावर सीटबेल्टचा वळ घेऊन आलेल्या पेशंटला ‘फास्ट निगेटिव्ह’ म्हणून घरी पाठवणारा माणूस मला युनिटमध्ये नको आहे.

आता बाकीच्यांकडे वळते. मशीन न वापरणारे गुन्हेगार आणि वापरणारे शहाणे, असं समजून जे निवांत बसले आहेत त्यांच्यासाठी हे आहे.

गेल्या महिन्यात एक शेतकरी आजोबा आले होते. गुडघेदुखीसाठी मेडिकलच्या दुकानातून आणलेल्या गोळ्या कित्येक महिने खात होते. दुपारी अचानक पोटात कळ आली, ती कुठल्या मिनिटाला आली हेही त्यांना सांगता येत होतं. पोट फळीसारखं ताठ. ते हलत नव्हते, खोल श्वास घेत नव्हते. तुमच्यातल्या एका उत्साही डॉक्टरने मशीन ओढून आणलं, चार ठिकाणी प्रोब ठेवला, पाणी दिसलं नाही आणि केसपेपरवर लिहिलं : ‘फास्ट निगेटिव्ह, ऑब्झर्व्ह.’ पोटाच्या तपासणीची जागा केसपेपरवर कोरी आहे. मी नीट बघितलं, कोरीच आहे. पोटाला हात लावला होता की नाही, हे त्यालाही आता आठवत नाही. सकाळी उभ्याने छातीचा एक्स-रे काढला तेव्हा डायफ्रामखाली हवा दिसली. ड्युओडेनमचा अल्सर फुटलेला, रात्रभर तसाच. आत गेल्यावर पू होता. सात दिवस आयसीयूत काढले त्या माणसाने.

फास्ट ही अपघातातलं रक्त शोधायची पद्धत आहे. तिला अल्सरबद्दल विचारलं तर ती काय सांगणार? पोटात सुटलेली हवा सोनोग्राफीत सरावलेल्या डोळ्याला दिसू शकते, पण तो सराव तुम्हाला नाही. आणि असला तरी त्या आजोबांना त्याची गरज नव्हती. निदान त्यांच्या पोटाच्या कातडीवर होतं. झकरी कोप यांचं तीव्र पोटदुखीवरचं पुस्तक १९२१ साली निघालं. त्या वेळी सोनोग्राफी नव्हती, सीटी नव्हता. दुखणं कसं सुरू झालं ते ऐकून आणि पोटावर हात ठेवून किती दूर जाता येतं, हे त्यात आहे. ते पुस्तक आपल्या ड्यूटी रूममध्ये आहे. त्याच्यावर चहाचे डाग आहेत, वाचल्याच्या खुणा नाहीत.

मला तुमच्याकडून क्रम हवा आहे. आधी ऐका. मग हाताने बघा. मग स्वतःशी एक प्रश्न स्पष्ट शब्दांत मांडा आणि त्याच्या उत्तरासाठी प्रोब उचला. प्रश्न नसताना प्रोब फिरवत राहिलात तर पडद्यावर दिसेल ते तुमचं निदान होऊन बसेल. चाळिशीच्या दहा बायकांच्या पोटावर प्रोब ठेवा, एखादीच्या पित्ताशयात खडा सापडेलच. तिचं आजचं दुखणं त्या खड्याचं आहे का, हे खडा सांगत नाही. भिंत तीन मिलिमीटरपेक्षा जाड आहे का बघा, भोवती पाणी आहे का बघा, तिला डाव्या कुशीवर वळवून खडा हलतो की मानेत अडकून बसलाय ते बघा. प्रोबने थेट पित्ताशयावर दाबल्यावर ती कळवळते का, हे सगळ्यात महत्त्वाचं. ती नुकतीच जेवून आली असेल तर आकसलेल्या पित्ताशयाची भिंत जाडच दिसेल, तेव्हा जेवणाची वेळ विचारा. आणि वेदनाशामक इंजेक्शन आधीच पडलं असेल तर ती कळवळणार नाही, ते विसरू नका. म्हणून इंजेक्शन थांबवू नका. दुखणाऱ्या माणसाला आपल्या सोयीसाठी दुखत ठेवायचं नाही, हे मी आधीही सांगितलंय.

अपेंडिक्सचंही तेच. ‘अपेंडिक्स दिसलं नाही’ हे वाक्य रिपोर्टमध्ये आलं की तुम्ही ‘अपेंडिसायटिस नाही’ असं वाचता. त्या दोन वाक्यांच्या मधल्या अंतरात पेशंटचं अपेंडिक्स फुटतं. प्युलार्ट या डच रेडिऑलॉजिस्टनी १९८६ साली जी पद्धत मांडली ती म्हणजे प्रोबने हळूहळू, दमाने दाबत जायचं. आतड्यातली हवा बाजूला सरकली पाहिजे, सोआस स्नायू आणि इलियाक रक्तवाहिन्या दिसेपर्यंत खोल गेलं पाहिजे. पेशंटला एका बोटाने दुखरी जागा दाखवायला सांगा आणि तिथून सुरू करा. बंद टोकाची नळी, दाबून न दबणारी, न हलणारी, सहा मिलिमीटरपेक्षा जाड, हे सगळं दिसलं तर तुम्ही अपेंडिक्स बघितलंत. तेवढं खोल दाबून झालं नसेल तर तुम्ही काहीच बघितलं नाही, आणि केसपेपरवर तसंच लिहायचं. उजव्या बाजूला दुखणारी पेशंट बाई असेल आणि पाळीच्या वयातली असेल तर लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट आधी. टेस्ट पॉझिटिव्ह, गर्भाशय रिकामं आणि पोटात रक्त, एवढं दिसल्यावर स्त्रीरोग विभागाला फोन करताना ‘बघून घ्या’ म्हणायचं नाही. ‘नळीतला गर्भ फुटलाय, ओटी तयार करतोय, या,’ असं म्हणायचं.

सर्जनच्या हातात प्रोब आला म्हणून सगळं कळतं, असं माझं म्हणणं नाही. स्टॉकहोमच्या एका रुग्णालयात पोटदुखीच्या ८०० रुग्णांवर हे नीट तपासलं गेलं, २००८ साली ते छापून आलं. निम्म्या रुग्णांची नेहमीसारखी तपासणी झाली, निम्म्यांना त्याच्या जोडीला सर्जनने स्वतः सोनोग्राफी केली. पहिल्या गटात प्राथमिक निदान ५६.८ टक्के बरोबर आलं, दुसऱ्या गटात ६४.७ टक्के. शंभरात आठ माणसांचा फरक पडला. मशीन झाकून ठेवणाऱ्यांनी त्या आठ जणांची तोंडं डोळ्यांपुढे आणावीत. आणि ज्यांना प्रोब हातात आला की सगळं आलं असं वाटतं, त्यांनी उरलेल्या पस्तीस जणांचा विचार करावा. सोनोग्राफी करूनही त्यांचं पहिलं निदान चुकलं होतं. त्यांना दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जाऊन बघावंच लागतं. तासाभराने परत पोटाला हात लावणं हे जगातल्या कुठल्याही पोटदुखीच्या वॉर्डात अजून बंद झालेलं नाही.

आता कायद्याची गोष्ट, कारण परवा एकाने तीही पुढे केली. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा केंद्राचा कायदा १९९४ चा, त्याच्याही आधी १९८८ मध्ये महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला होता. तो करावा लागला, कारण याच प्रोबने, आपल्याच व्यवसायातल्या लोकांनी मुली पोटातच संपवल्या. त्यामुळे मशीनची नोंदणी, ते कुठल्या खोलीत राहणार, कोण वापरणार, याचे नियम कडक आहेत आणि कडकच असायला हवेत. पेशंट गर्भवती असेल तर फॉर्म एफ भरायचा, कंटाळा करायचा नाही, मध्यरात्रीही नाही. त्याबद्दल कुरकुर मी ऐकून घेणार नाही. पण आपलं मशीन नोंदवलेलं आहे, त्याची जागा ठरलेली आहे आणि शनिवारी ड्यूटीवर असलेल्या दोघांची नावं त्या नोंदणीत आहेत. बावीस वर्षांच्या मुलाच्या पोटातलं रक्त बघायला कायदा आडवा येत नव्हता. ज्यांची नावं अजून नोंदणीत नाहीत त्यांनी प्रोब उचलायचा नाही, फोन उचलायचा. मी रात्री तीन वाजताही येते, हे तुम्हाला माहीत आहे.

रेडिऑलॉजीवाल्यांबद्दल ड्यूटी रूममध्ये जे बोललं जातं ते बंद करा. ते उशीर करतात, असं म्हणता. एका रात्रीत एक रेसिडेंट तिथे किती विभागांची कामं करतो, हे तुम्ही कधी जाऊन पाहिलंत? आपण ज्या चिठ्ठ्या पाठवतो त्यावर काय असतं? ‘पोटदुखी, यूएसजी करावी.’ किती वेळापासून दुखतंय, कुठे दुखतंय, आधी ऑपरेशन झालंय का, आपल्याला काय शंका आहे, यातलं काहीही नाही. अशी चिठ्ठी वाचून त्याने काय शोधायचं? लिव्हरमधला अमीबाचा फोड, पित्तनलिकेत शिरलेला जंत, आतड्यात आतडं शिरलेलं लहान मूल, हे सगळं ते तुमच्यापेक्षा दहापट चांगलं बघतात. त्यांच्या शेजारी बसून बघा म्हणजे तुम्हालाही येईल. फास्टचं काम तुमचं, कारण ते मिनिटांचं काम आहे. बाकीच्यात ते तुमचे शिक्षक आहेत, आणि शिक्षकाकडे जाताना पेशंटची पूर्ण हकिगत घेऊन जायचं असतं.

उद्यापासून जेआर वन आणि जेआर टू, रोज दोघं, सकाळी ओपीडीच्या आधी एक तास सोनोग्राफीच्या खोलीत. त्या विभागप्रमुखांशी मी बोलले आहे, त्यांनी हो म्हटलंय. नुसतं उभं राहायचं नाही. आधी स्वतः पोट तपासायचं, काय सापडेल ते वहीत लिहायचं आणि मग पडद्याकडे बघायचं. ज्याचं पोट उघडलं जाईल त्याच्या नावापुढे ओटीत काय निघालं तेही त्याच वहीत लिहायचं. खाडाखोड चालेल. पान फाडलेलं चालणार नाही. कॅज्युअल्टीतल्या मशीनवर जेल आहे का, ते चार्ज झालंय का, हे रोज संध्याकाळी ड्यूटी घेणाऱ्याने बघून सही करायची.

गुरुवारी आपला इमर्जन्सी डे आहे. शनिवारची टीमच ड्यूटीवर असेल, मी बदल केलेला नाही. रात्री आठपासून मी कॅज्युअल्टीत आहे. पहिला पोटाचा पेशंट आला की मला पल्स सांगा, बीपी सांगा, पोटाला हात लावल्यावर काय सापडलं ते सांगा, तुमचा प्रश्न काय आहे ते सांगा. मग प्रोब उचला, मी शेजारी उभी आहे.